पडद्यावर ‘बिल जतन झालं’, यादीत बिलच नाही: इलेक्ट्रॉनच्या दोन प्रोसेसच्या मध्ये हरवणारी एरर

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचीही अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. बिल केलं, प्रिंटरमधून कागद आला, पडद्यावर हिरवी पट्टी आली, ‘बिल जतन झालं’. संध्याकाळी दिवसाची यादी काढली तर त्यातली दोन-तीन बिलं गायब. ॲप बंद पडत नाही, लाल काही दिसत नाही, डेव्हलपर टूल्सचा कन्सोल उघडला तर तोही कोरा. आणि रोज होईल तर शपथ. चार दिवस सगळं सुरळीत, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मी हे तीनदा ‘दुरुस्त’ केलं आणि तिन्ही वेळा ते परत आलं. प्रत्येक दुरुस्तीनं लक्षण थोडं बदलायचं, त्यामुळे दर वेळी वाटायचं की हा नवाच बग आहे. तो नवा नव्हता. एरर एका प्रोसेसमधून (ॲपच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागातून) दुसरीत जाताना वाटेत कुठे कुठे सांडते, हे मला नीट ठाऊक नव्हतं.

ॲप इंदूरचं आहे. रामबागेत ओळखीच्या एका काकूंचा मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि जिरावणाचा गृहउद्योग आहे. माल सियागंजातून येतो, घरामागच्या शेडमध्ये दळण होतं, पुढच्या खोलीत विक्री. त्यांच्यासाठी मी इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबपानांच्या तंत्रानं डेस्कटॉपची ॲप बनवायच्या चौकटीवर, बिलिंगचं ॲप केलंय: वजनकाटा सिरियल पोर्टनं जोडलेला, बिलं एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, आणि काकांच्या हट्टापायी दिवसाचा रोजमेळ एक्सेलच्या फाइलमध्येही. तो हट्ट पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिला फोन काउंटरवरच्या मुलाचा आला. “दीदी, बिल तो निकल गिया, पर लिस्ट में नी आ रिया.” दुसरा फोन काकूंचा. “अगं, गिऱ्हाइकाच्या हातात कागद आहे आणि माझ्या यादीत बिल नाही. उद्या तो बदलून मागायला आला तर मी काय दाखवू?”

कन्सोल कोरा का होता

ज्यांना इलेक्ट्रॉनची रचना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ॲपमध्ये किमान दोन प्रोसेस असतात. मेन प्रोसेस म्हणजे नोड, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा. फाइल, डेटाबेस, पोर्ट हे सगळं तिच्या हातात. रेंडरर म्हणजे क्रोमियमची खिडकी, काकूंना दिसते ती. दोघींची मेमरी वेगळी. बोलायचं तर आयपीसीनं, म्हणजे निरोप पाठवून. मध्ये प्रीलोड नावाची छोटी स्क्रिप्ट असते, ती कॉन्टेक्स्टब्रिजमधून मोजकीच फंक्शनं खिडकीला देते. कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (प्रीलोड आणि खिडकी यांची जावास्क्रिप्ट वेगळी ठेवणं) इलेक्ट्रॉनच्या आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, आपोआप चालू असतं, त्यामुळे हल्ली प्रीलोडला वळसा घालून जाता येत नाही, आणि जाऊही नये.

डेव्हलपर टूल्सचा कन्सोल रेंडररचा असतो. मेनमध्ये जे छापलं जातं ते टर्मिनलवर जातं. माझ्या टेबलावर टर्मिनल उघडं असतं, म्हणून मला सगळं दिसतं. काकूंकडे ॲप डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून उघडतं. तिथे टर्मिनल नाही, म्हणजे मेनचं सगळं बोलणं हवेत. मी तिथे जाऊन कन्सोल तपासत होते आणि ‘काहीच एरर नाही’ असं म्हणत होते. हरवलं होतं स्वयंपाकघरात, मी शोधत होते ओसरीवर.

तेव्हा काही करायच्या आधी मेनचा लॉग फाइलमध्ये लिहायला लावा. इलेक्ट्रॉन-लॉग नावाचं पॅकेज आहे, नाहीतर स्वतः चार ओळी लिहा. फाइल कुठे ठेवायची ते ॲपच्या ‘गेटपाथ’ला ‘लॉग्ज’ असं विचारलं की कळतं. विंडोजवर ती यूझर डेटाच्या फोल्डरमध्येच येते. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर रामबागेच्या दहा खेपा वाचल्या असत्या. (दर खेपेला चहाबरोबर चकली मिळायची, हे कबूल करायला हवं.)

तुमच्या मशीनवर बग दिसत असेल तर आणखी सोपं: इलेक्ट्रॉन चालवताना ‘इन्स्पेक्ट’ हा फ्लॅग द्या आणि क्रोममधल्या इन्स्पेक्टच्या पानावरून मेन प्रोसेसला जोडा. पोर्ट सांगितला नाही तर ९२२९ घेतो. मग मेनमध्येही ब्रेकपॉइंट लावता येतात. पण माझ्या मशीनवर हा बग एकदाही दिसला नाही. कारण पुढे येतं.

पहिली गळती: मीच गिळलेली एरर

लॉग चालू केल्यावर काकूंना एक काम दिलं. ज्या बिलाबद्दल शंका आली त्याची वेळ वहीत लिहून ठेवा. आठवड्याभरानं वही पाहिली तर सगळ्या वेळा दुपारी दीड ते चारमधल्या.

दुपारी काका जेवून येतात, मागच्या टेबलावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेल्या फोल्डरमधली रोजमेळाची फाइल एक्सेलमध्ये उघडतात, दोन आकडे बघतात आणि खुर्चीतच वामकुक्षी घेतात. फाइल उघडीच. एक्सेल उघडलेली फाइल कुलूपबंद करून ठेवतं. त्या वेळी नोडनं तिच्यात लिहायचा प्रयत्न केला की विंडोज नकार देतं आणि ‘ईबिझी: रिसोर्स बिझी ऑर लॉक्ड’ अशी एरर येते. लॉगमध्ये ती ढिगानं होती. माझ्या मशीनवर फाइल उघडी ठेवून झोपणारं कोणी नाही.

पण फाइलला कुलूप होतं म्हणून बिल का हरवावं? इथे माझा कोड उघडा पडतो. ‘बिल जतन’च्या हँडलरमध्ये (निरोप आला की मेनमध्ये चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मी आधी एक्सेलमध्ये लिहीत होते आणि मग डेटाबेसमध्ये. का, ते आता आठवत नाही. दोन्ही एकाच ट्रायमध्ये (चुकू शकणारं काम यात ठेवतात, एरर आली की ती ‘कॅच’मध्ये पकडली जाते). कॅचमध्ये एकच ओळ: एरर कन्सोलवर छापा. बस्स. पुढे थ्रो (एरर पुढे फेकणं) नाही, रिटर्न नाही.

आता बघा काय होतं. रेंडरर ‘इन्व्होक’ करतो, म्हणजे उत्तर मागणारा निरोप पाठवतो, आणि प्रॉमिसची, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची, वाट बघतो. मेनमधलं हँडल केलेलं फंक्शन एरर पकडतं, छापतं आणि शांतपणे संपतं. काहीही न परतवता संपलेलं फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये ‘अनडिफाइंड’ परतवतं, आणि ते यशच असतं. प्रॉमिस पूर्ण होतं, रेंडररचा ‘अवेट’ पुढे सरकतो, हिरवी पट्टी झळकते. रेंडररमध्ये मी ट्राय-कॅच लावलेलं होतं, अगदी व्यवस्थित, पण त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

तुमच्या मेन प्रोसेसच्या कोडमध्ये ‘कॅच’ शोधा. ज्या कॅचमध्ये फक्त छापलंय आणि पुढे काही नाही, त्या प्रत्येक ठिकाणी ॲप खोटं बोलतंय. माझ्याकडे असे अकरा कॅच निघाले.

याच गळतीचा एक चुलत भाऊ आहे. ‘हँडल’ऐवजी जुनी ‘सेंड’ आणि ‘ऑन’ची जोडी वापरली असेल, आणि ‘ऑन’ला दिलेलं फंक्शन असिंक (नंतर पूर्ण होणारं) असेल, तर त्यात उडालेली एरर रेंडररला कधीच कळत नाही, ती मेनमध्येच नाकारलेलं प्रॉमिस होऊन पडून राहते. ‘सेंड’ला उत्तर अपेक्षितच नसतं. ‘इन्व्होक’ आणि ‘हँडल’ आवृत्ती ७ पासून, म्हणजे २०१९ पासून आहेत. उत्तर हवं असेल तिथे ‘सेंड’ वापरायला आता काही कारण उरलेलं नाही. ‘सेंडसिंक’ तर विसराच, उत्तर येईपर्यंत सगळी खिडकी गोठते.

एक चुकीची दुरुस्ती, वेगळी नोंदवण्यासारखी

मध्यंतरी मी मेनमध्ये ‘अनकॉट एक्सेप्शन’ ऐकणारं फंक्शन लावलं होतं. न पकडलेली एरर मेनमध्ये उडाली की इलेक्ट्रॉन ‘अ जावास्क्रिप्ट एरर ऑकर्ड इन द मेन प्रोसेस’ असा डबा दाखवतं. काकूंना तो डबा आवडायचा नाही, म्हणून मी श्रोता लावून नुसतं छापायला सुरुवात केली. श्रोता लावला की डबा येत नाही, आणि ॲप मोडक्या अवस्थेत तसंच चालू राहतं. शिंक बंद केली म्हणून पडसं बरं होत नाही. तो श्रोता आता फक्त लॉगमध्ये लिहितो, ‘ॲप पुन्हा उघडा’ असं मराठीत सांगतो आणि ॲप बंद करतो.

दुसरी गळती: एरर पोचते, पण अंगावरचे कपडे सोडून

पहिली दुरुस्ती साधी. कॅचमधून एरर पुन्हा थ्रो केली, डेटाबेस आधी आणि एक्सेल नंतर केलं. आणि रेंडररमध्ये लिहिलं: एररचा ‘कोड’ ईबिझी असेल तर ‘रोजमेळाची फाइल उघडी आहे, बंद करा’ असं दाखव, नाहीतर सर्वसाधारण संदेश.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पडद्याचा फोटो पाठवला. त्यावर असं काहीतरी: ‘एरर इन्व्होकिंग रिमोट मेथड बिल-जतन: एरर: ईबिझी: रिसोर्स बिझी ऑर लॉक्ड, ओपन’ आणि पुढे फाइलचा लांबलचक पत्ता. खाली काकूंचा संदेश: “हे काय इंग्रजीत रडतंय?”

म्हणजे एरर आली, पण माझी ‘कोड’ची अट खरी ठरली नाही. लॉगमध्ये मेनच्या बाजूला त्याच एररला कोड होता. रेंडररच्या बाजूला तो ‘अनडिफाइंड’.

ही वागणूक इलेक्ट्रॉनच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे, मी वाचली नव्हती. ‘हँडल’मधून थ्रो झालेली एरर जशीच्या तशी पलीकडे जात नाही. मेनमध्ये तिचा मजकूर काढला जातो, तेवढाच तारेतून जातो, आणि रेंडररमध्ये त्या मजकुराभोवती एक नवीनच एरर बांधली जाते, पुढे ‘एरर इन्व्होकिंग रिमोट मेथड’ जोडून. कोड गेला, सिसकॉल (सिस्टिमचं कुठलं काम अडलं ते) गेला, तुम्ही स्वतः लावलेले गुण गेले, मूळ स्टॅक (एरर कुठल्या ओळीवरून आली तो माग) गेला. ‘इन्स्टन्सऑफ’ लावून आपल्या वर्गाची एरर आहे का हे तपासणं तर सुतराम चालत नाही.

इथे माझ्यासारखे बरेच जण पुढची चूक करतात: मजकूरच तपासायचा. मजकुरात ‘ईबिझी’ आहे का, ‘फाइल नॉट फाउंड’ आहे का. मीही केलं. पंधरा दिवस उत्तम चाललं. मग एक दिवस ॲप सांगू लागलं, ‘रोजमेळाची फाइल सापडत नाही’. काकांनी फाइल उघडून दाखवली, होती तिथेच. प्रत्यक्षात झालं होतं असं की झाडताना काट्याची यूएसबी निघाली आणि मुलानं ती शेजारच्या पोर्टला लावली. कॉम क्रमांक बदलला. सिरियल पोर्टच्या लायब्ररीनं सांगितलं, ‘ओपनिंग कॉम३: फाइल नॉट फाउंड’. विंडोजच्या लेखी कॉम३ हीसुद्धा फाइलच! आणि माझ्या अटीनं काट्याचं दुखणं रोजमेळाच्या माथी मारलं.

मजकूर माणसांसाठी असतो. निर्णय त्यावर घेतला की तो असा तोंडघशी पाडतो. शिवाय लायब्ररीनं पुढच्या आवृत्तीत एक शब्द बदलला की तुमची अट मेली.

आणखी दोन पळवाटा मी करून पाहिल्या, तुम्ही करू नका. एक, थ्रो न करता एररची वस्तूच ‘रिटर्न’ करायची. आयपीसीमधून जाणाऱ्या किमती आवृत्ती ८ पासून स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धतीनं नकलल्या जातात. ही पद्धत एररची नक्कल करते, पण तिला फक्त ठरावीक गोष्टी माहीत आहेत: मजकूर, स्टॅक, आणि नाव, तेही ‘टाइपएरर’, ‘रेंजएरर’ यांसारख्या मूळच्या नावांपैकी असेल तरच. तुमचं ‘रोजमेळएरर’ पलीकडे साधी ‘एरर’ होऊन निघतं आणि कोड पुन्हा गायब. दोन, एररला जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या रूपात) बदलून पाठवायचं. साधी एरर बदलून बघा, रिकामा महिरपी कंस मिळेल. एररचे मजकूर आणि स्टॅक हे गुण मोजणीत येत नाहीत, म्हणून जेसन त्यांना ओलांडून जातं. हे मला नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं आणि मी बरोबर सांगितलंही होतं. तरी केलं.

उपाय: एरर पाठवू नका, हकिकत पाठवा

शेवटी जे टिकलं ते हे. मेन आणि रेंडररच्या मध्ये थ्रो करायचंच नाही. प्रत्येक हँडलर एक साधं पाकीट परतवतो. यश असेल तर ‘ठीक: खरं’ आणि माहिती. अपयश असेल तर ‘ठीक: खोटं’, एक कोड, माणसाला वाचता येईल असा मजकूर, आणि लॉगमधली नोंद शोधायला एक क्रमांक. सगळ्या साध्या किमती: अक्षरं, आकडे, खरं-खोटं. क्लोनला तक्रारीला जागा नाही.

हे प्रत्येक हँडलरमध्ये हातानं लिहू नका, अकरापैकी दोन तरी विसराल. मेनमध्ये एकच नोंदणी-फंक्शन करा. त्याला चॅनलचं नाव आणि खरं काम करणारं फंक्शन द्यायचं. ते आतून ‘हँडल’ लावतं, ट्रायमध्ये काम चालवून त्याची ‘अवेट’ करतं, यश पाकिटात घालतं. कॅचमध्ये पूर्ण एरर स्टॅकसकट लॉगमध्ये लिहितं, क्रमांक देतं आणि अपयशाचं पाकीट परतवतं. ‘अवेट’ विसरू नका. ती नसेल तर फंक्शन प्रॉमिस परतवून ट्रायमधून निघून जातं आणि नंतर उडालेली एरर तुमच्या कॅचला सापडत नाही. आतली कामं करणारी फंक्शनं मात्र बिनधास्त थ्रो करोत. त्यांच्यात कॅच नकोच.

कोड आपले स्वतःचे ठेवा. मी ‘रोजमेळ-उघडा’, ‘काटा-नाही’, ‘काटा-दुसऱ्याकडे’, ‘डिस्क-भरली’ असे नऊ कोड केले, आणि ईबिझी, ईनोस्पेस वगैरेंचं भाषांतर मेनमध्येच होतं. रेंडररला नोडची भाषा कळायची गरज नाही. जे ओळखीचं नाही त्याला ‘अनोळखी’, आणि पडद्यावर लॉगचा क्रमांक. काकू आता फोनवर “अनोळखी चारशे बारा” एवढंच सांगतात आणि मला ओळ सापडते.

प्रीलोडमधली दुसरी गाळणी

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. पाकीट आलं की ते कुठेतरी उघडून पुन्हा खऱ्या एररमध्ये बदलावंसं वाटतं, म्हणजे रेंडररमधला बाकीचा कोड नेहमीचा ट्राय-कॅच वापरू शकेल. मला वाटलं प्रीलोड ही योग्य जागा. तिथे पाकीट उघडलं, अपयश असेल तर कोड लावलेली छान एरर थ्रो केली. रेंडररमध्ये कोड पुन्हा ‘अनडिफाइंड’!

माझा एक पूर्ण रविवार यात गेला. मी मेन तपासलं, लॉग तपासला, पाकीट प्रीलोडपर्यंत नीट येतंय हे पाहिलं. प्रीलोड आणि रेंडरर तर एकाच प्रोसेसमध्ये आहेत, मग मध्ये काय सांडणार? पण कॉन्टेक्स्ट आयसोलेशनमुळे त्यांची जावास्क्रिप्टची जगं वेगळी आहेत आणि कॉन्टेक्स्टब्रिज प्रत्येक गोष्ट नकलून पलीकडे देतो. एरर नकलताना तिचे जादा गुण तो टाकून देतो. म्हणजे एकच एरर दोन गाळण्यांतून जाते. पहिली प्रोसेसच्या सीमेवर, दुसरी ब्रिजवर.

तेव्हा प्रीलोडनं पाकीट न उघडता तसंच पुढे द्यायचं. उघडायचं रेंडररच्या स्वतःच्या कोडमध्ये. तिथे एक छोटं फंक्शन लिहा: पाकीट ठीक असेल तर आतली माहिती परतव, नसेल तर ‘ॲपएरर’ बनवून थ्रो कर. त्या बाजूला ‘इन्स्टन्सऑफ’ही चालतं, कारण एरर तिथेच जन्मली आहे. पोस्टमन पत्र फोडून वाचत नाही, दारात देतो. प्रीलोडचं कामही तेवढंच.

काम झालं, उत्तर अडलं

वरचं सगळं केल्यावर महिन्याभरानं उलट तक्रार आली: एकच बिल दोनदा.

लॉगमध्ये होतं ‘ॲन ऑब्जेक्ट कुड नॉट बी क्लोन्ड’. बिल जतन झाल्यावर मी जी वस्तू परतवत होते तिच्यात नव्या बदलात एक फंक्शन शिरलं होतं, रक्कम अक्षरांत लिहून देणारं. स्ट्रक्चर्ड क्लोनला फंक्शन, प्रॉमिस, सिंबॉल चालत नाहीत. ही एरर माझ्या नोंदणी-फंक्शनच्या कॅचमध्ये येतच नाही, कारण माझं काम संपून पाकीट बाहेर पडल्यावर, ते तारेत घालताना ती उडते. मग इलेक्ट्रॉन स्वतःच्या पद्धतीनं प्रॉमिस नाकारतं. डेटाबेसमध्ये बिल आहे, पडद्यावर लाल पट्टी आहे. काउंटरवरचा मुलगा काय करणार? पुन्हा बटण दाबणार.

दोन गोष्टी केल्या. परतवायच्या वस्तूतून फक्त लागणारे साधे गुण वेचून नवी वस्तू बनवायची, डेटाबेसची ओळ किंवा वर्गाची वस्तू थेट द्यायची नाही. आणि दुसरी, जी खरी कामाची: बिलाचा फॉर्म उघडतानाच रेंडररमध्ये एक ‘यूयूआयडी’ (पुन्हा न येणारा ओळखक्रमांक) तयार करायचा, तो बिलाबरोबर पाठवायचा, आणि डेटाबेसच्या त्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दोनदा चालत नाही. तेच बिल दुसऱ्यांदा आलं की मेन नवी नोंद न करता जुनीच परतवतं. बटण दहा वेळा दाबा.

रेंडररकडून जातानाही हीच एरर येऊ शकते, विशेषतः व्ह्यूसारख्या फ्रेमवर्कचे प्रॉक्सी (वस्तूभोवतीची वेष्टनं) तसेच्या तसे पाठवले तर. तिथे निदान काम सुरू व्हायच्या आधी कळतं, म्हणून नुकसान कमी.

काटा: ज्या एररला कुणी विचारलंच नव्हतं

आतापर्यंतच्या सगळ्या एरर कुठल्यातरी ‘इन्व्होक’च्या पोटात होत्या. काट्याची केबल मध्येच निघाली तर ती बातमी कुठल्या उत्तरात घालणार? सिरियल पोर्ट ती ‘एरर’ किंवा ‘क्लोज’ या घटनेतून सांगतं. पोर्ट उघडण्याभोवती कितीही ट्राय-कॅच गुंडाळा, नंतर येणारी घटना त्यात सापडत नाही. आणि ‘एरर’ घटनेला श्रोताच नसेल तर नोड तिला न पकडलेली एरर मानून वर फेकतं.

म्हणून श्रोता लावा, आणि मेनकडून खिडकीला ‘वेबकंटेंट्स’च्या ‘सेंड’नं तेच पाकीट पाठवा, वेगळ्या चॅनलवर. पाठवण्याआधी खिडकी जिवंत आहे का हे ‘इजडिस्ट्रॉइड’नं विचारा, काकू खिडकी बंद करतात, काटा बोलत राहतो, आणि ‘ऑब्जेक्ट हॅज बीन डिस्ट्रॉइड’ म्हणत मेन कोसळतं. हे आमच्याकडे रोज रात्री दुकान बंद करताना व्हायचं आणि कोणी सांगितलंच नव्हतं, कारण सगळे घरी निघालेले असायचे.

‘वजन वाचा’ या बटणाला मुदतही लागते. ‘इन्व्होक’ला स्वतःची मुदत नाही, उत्तर आलं नाही तर ते जन्मभर थांबेल. रेंडररमध्ये ‘प्रॉमिस रेस’ लावून ५ सेकंदांत हात वर करता येतात, पण त्यानं मेनमधलं काम थांबत नाही, पोर्ट अडकलेलाच राहतो. मुदत मेनमध्ये ठेवली, ती संपली की पोर्ट बंद करून ‘काटा-बोलत-नाही’ असं पाकीट.

तपासायचं कसं

वाट बघत बसू नका, मुद्दाम मोडा. रोजमेळ एक्सेलमध्ये उघडून बिल करा. काट्याची केबल वजन वाचताना उपटा. काट्याचा पोर्ट दुसऱ्या एखाद्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये उघडून ठेवा, ‘ॲक्सेस डिनाइड’ यायला हवं आणि पडद्यावर ‘काटा-दुसऱ्याकडे’चा मराठी संदेश. हँडलरमध्ये मुद्दाम अक्षरमाळ थ्रो करा, एरर नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये काहीही थ्रो करता येतं आणि माझ्या नोंदणी-फंक्शननं पहिल्यांदा तिथेच एररचा मजकूर मागून ‘अनडिफाइंड’ मिळाल्यावर मान टाकली होती. रेंडररलाच पाडायचं तर ‘फोर्सफुली क्रॅश रेंडरर’ आहे, आणि त्याची बातमी मेनला ‘रेंडर प्रोसेस गॉन’ या घटनेत कारणासकट मिळते: क्रॅश, मेमरी संपली, मारून टाकलं, वगैरे.

दोन संदेश मात्र घाबरून जाण्यासारखे नाहीत. ‘नो हँडलर रजिस्टर्ड फॉर’ म्हणजे चॅनलचं नाव दोन्हीकडे वेगळं लिहिलंय, किंवा हँडलर लावायच्या आधीच खिडकी उघडली. ‘अटेम्प्टेड टू रजिस्टर अ सेकंड हँडलर फॉर’ म्हणजे हँडलरची नोंदणी खिडकी बनवणाऱ्या फंक्शनमध्ये ठेवली आहे आणि ते दुसऱ्यांदा चाललं. नोंदणी बाहेर काढा, ॲप सुरू होताना एकदाच. चॅनलची नावं एकाच फाइलमध्ये ठेवली की पहिला प्रकारही जातो.

रोजमेळाचं काय झालं? बिल आता आधी डेटाबेसमध्ये जातं आणि यश तिथेच ठरतं. एक्सेलमध्ये लिहिणं वेगळं काम आहे. फाइल उघडी असेल तर बिल ‘रोजमेळ बाकी’ अशा खुणेनं राहतं, दर दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होतो आणि वर एक पिवळी पट्टी दिसते, ‘रोजमेळ उघडा आहे, ४ बिलं बाकी’. काकूंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मागे वळून हाक मारली, “अहो, ती फाइल मिटा आधी, मग झोपा.”

एक गळती अजून उरलीये. छपाई अजून जुन्याच वाटेनं जाते. ‘वेबकंटेंट्स’चा ‘प्रिंट’ यश आणि अपयशाचं कारण कॉलबॅकमध्ये देतो, मी तो कॉलबॅक दिलेलाच नाही. कागद संपला की बिल जतन होतं आणि गिऱ्हाईक हात पुढे करून उभं राहतं. दिवाळीच्या भाजणीची गर्दी सुरू व्हायच्या आत तेही पाकिटात घालायचंय.